जाजम कोणीं खाल्लें ?

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. भाद्रपद तोंडावर आला होता आणि गणपतीच्या खोलींत अंथरावें म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेंतून आजोबांच्या वेळचें जाजम खालीं काढलें. चांगलें जाड सुताचें, तीन पिढ्यांच्या मुंजी-लग्नांतून वापरलेलें. मुलांनीं तें दोन टोकांस धरून झटकलें मात्र, तों मधोमध टरकन् फाटलें आणि हिरवट काळ्या भुकटीचा लोट उठून सर्वांस शिंका आल्या. आमच्या वडील काकूंनीं त्याचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला. तो जुन्या पापडासारखा मोडला. "वाळवी नाहीं, उंदीर नाहीं, कसर नाहीं, मग एवढें जाजम खाल्लें तरी कोणीं?" त्याच ट्रंकेच्या तळाशीं त्यांचें रेशमी सोवळें होतें. त्याला कुबट वास लागला होता खरा, परंतु त्याचा धागा न् धागा शाबूत होता. घरांत रसायनशास्त्र शिकणारा एक नातू आहे. तो म्हणाला, "आजी, बुरशीनें खाल्लें." काकूंनीं लगेच विचारलें, "बुरशीला दांत कुठले रे ?"

नातू निरुत्तर झाला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही झालों. पुढें ह्या प्रश्नाच्या मागें लागून जें जें वाचनांत आलें तें इतकें मनोरंजक निघालें कीं, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. काकूंचा प्रश्न पोरकट नव्हता. तोच प्रश्न दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यास पडला होता, आणि त्याचा पाठपुरावा करण्यांत एका शास्त्रज्ञाचें उभें आयुष्य गेलें.

प्रथम, जें खाल्लें गेलें तें काय होतें हें पाहूं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन ह्यांनीं १८३८ सालीं निरनिराळ्या वनस्पतींपासून हा पदार्थ वेगळा काढून दाखविला. लाकूड, गवत, भाताचा पेंढा, केळीचें सोपट, उसाचें चिपाड, वर्तमानपत्राचा कागद, ह्या सर्वांचा सांगाडा ह्याच पदार्थाचा. आणि मौजेची गोष्ट अशी कीं, तो ग्लुकोज नांवाच्या साध्या साखरेचाच बनलेला असतो. तांदळांतील पिष्टही त्याच साखरेचें. म्हणजे पानांत वाढलेला भात आणि नेसूचें धोतर हीं दोन्हीं एकाच जातीच्या मण्यांची ओंवणी होत. भेद आहे तो मणी ओंवण्याच्या रीतींत. पिष्टांत सारे मणी एकाच बाजूस तोंड करून बसलेले असतात. त्यामुळें माळ सैल, वेटोळी बनते, तिच्यांत पाणी शिरतें, लाळ शिरते. सेल्युलोजांत प्रत्येक मणी शेजारच्याच्या उलट फिरविलेला असतो. त्यामुळें माळ ताणलेल्या दोरीसारखी सरळ राहते. एकेका माळेंत हजारों मणी, आणि अशा कित्येक माळा अंगाला अंग लावून, एकमेकींना घट्ट धरून, मोळीसारख्या बांधलेल्या. त्या मोळीच्या गाभ्यांत पाण्यालासुद्धां शिरकाव नसतो. भाताचा घांस बराच वेळ चघळला तर तो गोड लागूं लागतो हें प्रत्येकास ठाऊक आहे. कापूस जन्मभर चघळला तरी तो गोड लागणार नाहीं.

भात गोड करणारा जो लाळेंतील पदार्थ, तो आणि त्याचे भाऊबंद ह्यांना शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. मराठी शास्त्रीय पुस्तकांत ह्यांना विकर असें नांव आहे. विकर म्हणजे एक विशिष्ट घडणीचें प्रथिन. तें एक ठराविक रासायनिक काम वेगानें घडवून आणतें आणि स्वतः मात्र खर्च होत नाहीं. परंतु त्याची दृष्टि फार आकुंचित असते. एका जातीचा दुवा तोडणारें विकर दुसऱ्या जातीच्या दुव्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. रेशीम हें प्रथिन आहे, सेल्युलोज नव्हे. कापसाचा दुवा तोडणाऱ्या विकरास तें अगदीं परकें. काकूंचें सोवळें वांचलें तें मुख्यतः ह्या कारणानें.

माणसाच्या शरीरांत सेल्युलोज फोडणारें विकर नाहीं हें तर झालेंच, पण गाईलाही तें स्वतःचें असें नसतें. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंची वसति असते, आणि तें काम ते करतात. गाय गवत खाते असें आपण म्हणतों. खरें पाहतां गवत जंतू खातात, आणि गाय त्यांच्या पंक्तीचें उरलेंसुरलें व अखेर त्या जंतूंनाच पचवून पुष्ट होते! ह्या दुव्याचा चिवटपणा किती असावा ? रिचर्ड वुल्फेंडेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९८ सालीं ह्याचा हिशेब प्रसिद्ध केला. नेहमींच्या उष्णमानांत, नुसत्या पाण्यांत, कोणत्याही विकराच्या साहाय्यावांचून सेल्युलोजाचे निम्मे दुवे तुटावयास सुमारें ५० लक्ष वर्षें लागतील. आमच्या ट्रंकेंतल्या बुरशीनें तें काम चार-दोन पावसाळ्यांत उरकलें होतें.

आतां युद्धाकडे वळूं. १९४३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकन सैन्य प्रशांत महासागरांतील सॉलोमन बेटांच्या रांगेमधील बूगनव्हिल ह्या बेटावर उतरलें. तेथें बारा महिने उकाडा आणि बारा महिने पाऊस. सैनिकांचे जाड सुती तंबू, पट्टे, पिशव्या पाहतां पाहतां कुजून हातांत येऊं लागल्या. ही तक्रार एका बेटापुरती नव्हती. उष्ण प्रदेशांतील साऱ्या छावण्यांतून ती येत होती. अमेरिकन सैन्याच्या कोठीखात्यानें अशा कुजक्या कापडांवरून बुरशीचे नमुने गोळा करविले, एकेक नमुना निराळा वाढविला आणि त्यास खात्याच्या नांवाचीं आद्याक्षरें व अंक दिले. हा संग्रह वाढत वाढत चौदा हजारांच्या घरांत गेला. त्यांपैकीं १९४४ सालीं बूगनव्हिलच्या एका कुजत असलेल्या सुती तंबूवरून घेतलेल्या हिरव्या बुरशीस 'क्यूएम ६ए' असा अंक मिळाला. हा अंक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

कोठीखात्याच्या प्रयोगशाळेंत एल्विन रीस नांवाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळा प्रथम फिलाडेल्फियास होती; १९५४ नंतर तें काम मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील नेटिक ह्या गांवीं चालू लागलें. वरिष्ठांची अपेक्षा साधी होती: कापड कुजूं नये असा उपाय सुचवा. असे उपाय माहीत नव्हते असें नाहीं. तांब्याचे क्षार लावलेलें कापड बुरशी सहसा खात नाहीं. कोंकणांतील सुपारीच्या बागाइतदारांस मोरचुदाचें हें माहात्म्य सांगावयास नकोच. रीस ह्यांचें मन मात्र उपायापाशीं थांबेना. बुरशीला मारण्यापूर्वीं ती हें करते कसें, तें त्यांना समजून घ्यावयाचें होतें. आम्हांस वाटतें, ह्या माणसाचें वैशिष्ट्य येथेंच आहे. वेतन मिळत होतें तें कुजणें थांबविण्यासाठीं, आणि लक्ष लागलें होतें तें कुजण्याच्या कौशल्याकडे.

१९५० सालीं रीस व त्यांचे सहकारी सिऊ आणि लेव्हिन्सन ह्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य निरीक्षण असें. सेल्युलोजावर रासायनिक संस्कार करून तो पाण्यांत विरघळेल असा केला, म्हणजे त्याचे दुवे पुष्कळच बुरशींना तोडतां येतात. परंतु मूळ स्थितींतला, मोळी बांधलेला कापूस समोर ठेवला तर त्यांतल्या बऱ्याच जणी हात टेंकतात. थोड्याच बुरशी त्याला दाद लावून घेतात. दुवा तोच, मणी तेच; मग हा फरक कां ? रीस ह्यांनीं तर्क केला कीं, ह्या थोडक्या बुरशींपाशीं आणखी कांहीं तरी असलें पाहिजे. दुवा तोडण्यापूर्वीं मोळी सैल करणारें, माळा एकमेकींपासून सोडविणारें असें कांहीं. तें काय, हें त्यांना दाखवितां आलें नाहीं. म्हणून बीजगणितांतील अज्ञात राशीस द्यावें तसें नांव त्यांनीं त्यास दिलें: 'सी-१'. मागाहून दुवे तोडणारीं जीं विकरें त्यांना 'सी-एक्स'. हा सी-१ पुढें साठ वर्षें शास्त्रज्ञांस छळणार होता.

१९५५ सालीं मेरी मँडेल्स ह्या विदुषी नेटिकच्या प्रयोगशाळेंत आल्या, आणि ह्या दोघांची जोडी जमली. त्यांनीं संग्रहांतील बुरशी पारखून पाहिल्या, तेव्हां क्यूएम ६ए विशेष कर्तबगार निघाली. ही बुरशी पातळ द्रवांत वाढवून गाळून काढली आणि खालीं उरलेल्या निवळ पाण्यांत कापूस टाकला, तर त्या पाण्यांत बुरशीचा एक तंतु नसतांही कापूस विरूं लागे व पाण्यांत साखर उतरे. काकूंच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथें मिळतें. बुरशीला दांत नाहींत. तिला लाळ आहे. आपण आधीं गिळतों व मग पचवितों. बुरशी आधीं बाहेरच्या बाहेर पचविते आणि झालेली साखर मग अंगांत शोषून घेते.

येथें एक गमतीचा पेंच उभा राहिला. ही लाळ बुरशी सदासर्वकाळ सोडीत नाहीं. तिला आयती ग्लुकोज घातली तर ती हें विकर बनविण्याचे श्रम घेत नाहीं. घरीं शिधा भरलेला असतां बाजारांत कोण जातो? कापसावर ठेवली कीं मात्र बनविते. पण कापूस पाण्यांत विरघळत नाहीं, त्याची मोळी बुरशीच्या पेशींत शिरूं शकत नाहीं; मग बाहेर कापूस आहे ही वर्दी आंत पोंचते कशी ? त्यांतच असें आढळलें कीं, ग्लुकोजच्या कांहीं नमुन्यांवर वाढविलेली बुरशी विकर सोडी, व अगदीं शुद्ध ग्लुकोजवर सोडीत नसे. एखाद्या घाईच्या माणसानें प्रयोग बिघडला म्हणून तो फेंकून दिला असता. मँडेल्स, पॅरिश व रीस ह्यांनीं त्या अशुद्ध ग्लुकोजमधील मळ शोधून काढला, आणि १९६२ सालीं जाहीर केलें कीं सोफोरोज नांवाची दोन मण्यांची एक साखर त्यांत अत्यल्प प्रमाणांत असते व तीच बुरशीला जागी करते. जेवणाच्या वासानें भूक चाळवावी तसा हा प्रकार.

१९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा रोखला, पेट्रोलचे भाव भडकले, आणि नेटिकच्या प्रयोगशाळेकडे लोकांच्या नजरा एकाएकीं वळल्या. ज्या बुरशीचा नाश कसा करावा म्हणून सरकारनें पैसा खर्चिला, तिचें संगोपन कसें करावें ह्यासाठीं आतां पैसा येऊं लागला. जुनीं वर्तमानपत्रें बारीक दळून त्यांवर ह्या बुरशीचें विकर घालून साखरेचा पाक करण्याचे प्रयोग झाले. साखर मिळाली कीं यीस्ट घालून तिचा मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, करतां येतो. आणि इथेनॉलवर मोटार चालते. बुरशीवर किरणांचा मारा करून अधिक विकर सोडणारे वाण तयार करण्यांत आले. रटगर्स विद्यापीठाच्या ब्लँड माँटेनेकोर्ट व डग्लस इव्हले ह्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेला वाण तर असा होता कीं, तो ग्लुकोज समोर असतांही विकर करणें सोडीत नसे. आतांपर्यंत क्यूएम ६ए ही ट्रायकोडर्मा व्हिरिडी नांवाच्या सर्वपरिचित जातींत मोडते असें समजत असत. १९७७ सालीं सिमन्स ह्यांनीं ती निराळी जात ठरविली आणि तिला रीस ह्यांच्याच सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीसाय हें नांव दिलें. जन्मभर जिच्याशीं झुंज घेतली तिनेंच शेवटीं नांव लावावें, हा योग विरळा. जगभर कारखान्यांतून ह्या जातीचे जे वाण वापरतात ते सारे त्या एका कुजक्या तंबूवरच्या बुरशीचीच संतति होत.

हीं विकरें काम कसें करतात हें मागाहून हळूहळू उलगडलें. तीं एकटीं नसतात, त्यांची टोळी असते. एक विकर मोळीच्या पृष्ठभागावर जेथें माळ थोडी सैल असेल तेथें मधेंच कातरतें, म्हणजे नवीं टोकें मोकळीं होतात. दुसरें तें टोक पकडतें. १९९० सालीं फिनलंड व स्वीडन येथील शास्त्रज्ञांनीं ह्या दुसऱ्या जातीच्या एका विकराची घडण क्षकिरणांच्या साहाय्यानें पाहिली, तेव्हां त्याच्या अंगांत चक्क एक बोगदा आढळला. १९९४ सालीं त्याच्या भावंडाची घडण कळली. त्याचा बोगदा तर सुमारें दहा मणी मावतील इतका लांब. माळेचें टोक ह्या बोगद्यांत शिरतें आणि विकर ती माळ ओढीत, दोन दोन मण्यांचे जोड तोडीत पुढें सरकतें. सुतावरून स्वर्ग गांठण्याचीच ही तऱ्हा! तिसरें विकर त्या जोडाचे दोन मणी वेगळे करतें. हें तिसरें मागें पडलें तर जोड सांचून दुसऱ्याच्या बोगद्याचें तोंड तुंबतें व सारें काम मंदावतें. टोकियोच्या इगाराशी ह्यांनीं तर २०११ सालीं सूक्ष्मदर्शकाच्या एका नव्या प्रकारानें हीं विकरें सेल्युलोजावरून सरकत असतांना प्रत्यक्ष पाहिलीं. त्यांत असें दिसलें कीं, पुढचें एखादें अडलें तर मागचीं त्याच्या पाठीशीं खोळंबून उभीं राहतात, विसर्जनाच्या दिवशीं लक्ष्मी रस्त्यावर होतें तसें. कापूस इतक्या सावकाश कां पचतो ह्याचें एक कारण तेथें डोळ्यांना दिसलें.

आणि सी-१ ? टोळीचा हा प्रकार समजल्यावर बहुतेकांनीं म्हटलें कीं, मोळी सैल करणारा निराळा कोणी मानण्याची आतां गरजच उरली नाहीं. कातरणारा व ओढणारा मिळून सर्व काम होतें. रीस ह्यांचा तर्क मागें पडला. मधेंच १९७४ सालीं स्वीडनमधून एक वार्ता आली होती कीं, हवेंतला प्राणवायू मिळाला तर एका बुरशीचें विकर कापूस अधिक जलद फोडतें. तिचें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. त्यानंतर २०१० सालीं नॉर्वेंतील संशोधकांनीं खेंकड्यांच्या कवचांतल्या कायटिन नांवाच्या पदार्थावर काम करतांना एक प्रथिन पकडलें. तें कातरीसारखें पाण्याच्या साहाय्यानें दुवा तोडीत नव्हतें. प्राणवायूच्या साहाय्यानें, मोळीच्या अंगावरच, घट्ट बसलेल्या माळेला चरे पाडीत होतें. त्याच्या गाभ्यांत तांब्याचा एक अणू असतो, हें लवकरच कळलें. सेल्युलोजावर असेंच काम करणारीं प्रथिनें बुरशींतही सांपडलीं. आणि खरी मौज पुढेंच आहे. असलें प्रथिन आपल्या ट्रायकोडर्मा रीसायच्या लाळेंत पहिल्यापासून होतेंच. १९९७ सालीं तें शास्त्रज्ञांच्या हातीं लागलेंही होतें. पण एक दुबळी कातर समजून त्यांनीं त्यास कोपऱ्यांत टाकलें होतें! रीस तो दिवस पाहण्यास हयात नव्हते. हाच त्यांचा सी-१ असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्यांच्या मनांत आधीं एक व मागून दुसरा असा क्रम होता, आणि येथें सारेच एका वेळीं राबतात. तथापि, कातरीखेरीज आणखी कोणी तरी तेथें आहे ही त्यांची शंका निराधार नव्हती, एवढें म्हणावयास आमच्या मतें कांहीं हरकत नाहीं.

मग पेंढ्याची साखर स्वस्त कां झाली नाहीं, असें वाचक विचारतील. कापूस हें सोपें प्रकरण आहे. पेंढ्यांत व लाकडांत सेल्युलोजाभोंवतीं लिग्निन नांवाच्या चिवट द्रव्याचा गिलावा असतो. तो आम्लानें वा वाफेनें आधीं फोडावा लागतो, त्यावर विकर पुष्कळ घालावें लागतें, आणि खर्च तेथेंच वाढतो. अमेरिकेंत आयोवा प्रांतांत मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा एक प्रचंड कारखाना ड्युपाँट कंपनीनें २०१५ सालीं उघडला, आणि दोनच वर्षांनीं तो बंद करीत असल्याचें जाहीर केलें. आमच्याकडे ह्या विषयाचा अभ्यास जुना आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास पेनिसिलियम वर्गांतील एका बुरशीच्या सेल्युलोज-विकरांवर बरेंच काम झालें. २०२२ च्या ऑगस्टमध्यें हरियाणांतील पानिपत येथें भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. त्याचें तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें. वर्षाकाठीं सुमारें २ लक्ष टन पेंढा घेऊन ३ कोटि लिटर इथेनॉल काढावें असा त्याचा संकल्प होता. जो पेंढा शेतांत जाळला म्हणून दिल्लीकरांचे डोळे चुरचुरतात तो असा कामीं यावा, हें कोणास आवडणार नाहीं ? परंतु आयोवाचा अनुभव पाहतां जाहिरातीच्या भाषेनें हुरळून जाणें बरें नव्हे.

मोटारीच्या पेट्रोलांत नसलें तरी हें विकर आपल्या घरांत मात्र कधींच शिरलें आहे. कपडे धुण्याच्या कांहीं भुकट्यांत तें असतें. जपानांत १९८७ सालीं निघालेल्या अशा एका भुकटीपासून त्याचा प्रसार झाला. पुनःपुन्हां धुतल्यामुळें सुती कापडावर जे बारीक तंतु उभे राहतात ते तें कुरतडून टाकतें, आणि रंग पुन्हां उजळ दिसतो. मुलांच्या विटक्या निळ्या विजारी पूर्वीं दगडांबरोबर घुसळून विटक्या करीत. आतां तें काम बहुधा हेंच विकर करतें. नव्या विजारीस जुनी करण्यासाठीं वर दाम मोजावे लागतात, हें काकूंस पटवून देणें मात्र आमच्या आवांक्याबाहेरचें आहे.

जाजमापुरतें सांगावयाचें तर चूक आमचीच होती. तें नीट न वाळवितां ट्रंकेंत भरलें आणि ट्रंक गळक्या कौलांखालीं ठेवली. ओल नसेल तर बुरशी कितीही पटाईत असली तरी तिची लाळ सुटत नाहीं. हल्लीं दर वर्षीं वैशाखांत अंथरुणें-जाजमें दोन दिवस कडक उन्हांत घालून मगच माळ्यावर चढवितों. त्या जुन्या जाजमाचे तुकडे काकूंनीं फेंकूं दिले नाहींत. परसांत पारिजातकाच्या बुंध्याशीं खड्डा करवून त्यांत पालापाचोळ्याबरोबर ते पुरले. गेल्या दसऱ्यानंतर आम्हीं तेथें कुतूहलानें खणून पाहिलें. काळी भुसभुशीत माती, गांडुळें, आणि मधेंच एक हातभर लांब पिवळा दोरा हातीं लागला. जाजमाची कड उसवली होती म्हणून वीस वर्षांपूर्वीं कोणीं तरी ती नायलॉनच्या दोऱ्यानें शिवली होती. तो दोरा तेवढा जसाच्या तसा होता.